माणूस तोच, नंबर नवा

सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओत संगणकानं ४७ नंबर दिलेला माणूस वॉचमनच्या केबिनमागे जातो आणि पलीकडून बाहेर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर ६३ लिहिलेलं असतं. शर्ट तोच, हातातली भाजीची पिशवी तीच, चाल तीच. संगणकाच्या लेखी मात्र एक माणूस गायब झाला आणि दुसरा उगवला. असं दिवसभर होत राहिलं की ‘आज किती माणसं आत आली’ या साध्या प्रश्नाचं उत्तर फुगतं, आणि ‘हा कुठून आला, कुठे गेला’ याला तर उत्तरच उरत नाही.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी ट्रॅकरकडे, म्हणजे माणसांना नंबर देऊन त्यांचा माग ठेवणाऱ्या प्रोग्रामकडे जातो. एक काढून दुसरा बसवायचा, मग तिसरा. आठवडा जातो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझं ठाम मत असं आहे की नंबर तुटतो तो बहुतेक वेळा ट्रॅकरच्या आधीच तुटलेला असतो: लेन्समध्ये, शटरमध्ये, वाटेत गळालेल्या फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका सुट्या चित्रात. म्हणून तपासणीही त्याच क्रमानं, कॅमेऱ्यापासून करायची.

त्याआधी यंत्रणा काय करते ते थोडक्यात. डिटेक्टर प्रत्येक फ्रेममध्ये माणसांभोवती चौकटी काढतो. त्याला कालची आठवण नसते, फक्त समोरचं चित्र दिसतं. या फ्रेममधली चौकट मागच्या फ्रेममधल्या कुठल्या माणसाची, हे जुळवणं ट्रॅकरचं काम. २०१६ साली आलेल्या ‘सॉर्ट’ या ट्रॅकरनं हे फार साधेपणानं केलं. काल्मन फिल्टर माणसाच्या आतापर्यंतच्या वेगावरून पुढच्या फ्रेममधली जागा सांगतो. ही सांगितलेली चौकट आणि डिटेक्टरची नवी चौकट किती एकमेकींवर बसतात, म्हणजे सामाईक भाग भागिले दोघींनी मिळून व्यापलेली जागा, हे प्रत्येक जोडीसाठी काढायचं. या आकड्याला आयओयू म्हणतात. मग हंगेरियन पद्धतीनं सगळ्यांची मिळून सर्वांत चांगली जुळणी करायची. काल्मनची कल्पना १९६० सालची, हंगेरियन पद्धत १९५५ची. जुनी गणितं आहेत, पण आजही सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे.

आता कॅमेरा. गेटवर चार मिलिमीटरची लेन्स आणि १/२.८ इंची सेन्सर धरू. या सेन्सरची रुंदी साधारण ५.४ मिलिमीटर. दहा मीटरवर किती रुंद दृश्य दिसेल? ५.४ गुणिले १० भागिले ४, म्हणजे साडेतेरा मीटर. १९२० पिक्सेल साडेतेरा मीटरवर पसरले, म्हणजे मीटरमागे १४२. पावणेदोन मीटरचा माणूस जवळपास २५० पिक्सेल उंच दिसेल. उत्तम. पण हाच कॅमेरा सबस्ट्रीमवर, म्हणजे त्याच्या हलक्या, लहान चित्राच्या प्रवाहावर ६४० बाय ३६० देत असेल तर मीटरमागे ४७ पिक्सेल उरतात आणि माणूस ८३ पिक्सेलचा होतो. डिटेक्टर त्याला तरीही पकडेल. मात्र शर्टाचा रंग, पिशवी, पाठीवरची सॅक यांतून ओळख बांधायला त्यात फारसं काही उरत नाही. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत नुसती माणसाची चाहूल लागायला मीटरमागे २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखू यायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटायला २५० धरलेले आहेत. पुष्कळ सोसायट्यांत डीव्हीआरमधून, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्रातून सबस्ट्रीमच ओढली जाते, कारण ती पटकन उघडते. पहिली दुरुस्ती तिथेच. मेनस्ट्रीम, म्हणजे पूर्ण आकाराचं चित्र घ्या आणि हवं तर स्वतः आकार कमी करा.

शटर दुसरं. रात्री कॅमेरा उजेड गोळा करण्यासाठी शटर १/१२ सेकंदापर्यंत उघडं ठेवतो. सहज चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये जवळपास १२ सेंटिमीटर. वरच्या हिशेबानं १६-१७ पिक्सेलचं फरफटलेलं चित्र. शटर १/५० वर बांधून टाकलं तर हेच चार पिक्सेलवर येतं. चित्र काळोखं होईल, त्यासाठी गेटवर एक चांगला एलईडी दिवा लावा. महागड्या ग्राफिक्स कार्डपेक्षा तो दिवा जास्त कामाला येतो, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

आता जिथे सगळ्यांत जास्त नंबर तुटतात ती गोष्ट: फ्रेमचा वेग. समोरून आडवा जाणारा माणूस घ्या, चौकट अर्धा मीटर रुंद. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दोन फ्रेमच्या मध्ये तो साडेपाच सेंटिमीटर सरकतो आणि जुन्या-नव्या चौकटीचा आयओयू ०.८० येतो. दहा फ्रेम असतील तर १४ सेंटिमीटर सरकतो आणि आयओयू ०.५६. पाच फ्रेमवर २८ सेंटिमीटर आणि ०.२८. लोकल पकडायला धावणारा सेकंदाला तीन मीटर जातो. त्याचा दहा फ्रेमवर ०.२५ येतो आणि पाच फ्रेमवर शून्य, चौकटी एकमेकींना शिवतही नाहीत.

यावर म्हणता येईल की काल्मन फिल्टर पुढची जागा सांगतोच, मग सरकण्याची काळजी कशाला? अडचण नव्या ट्रॅकची, म्हणजे नुकताच नंबर मिळालेल्या माणसाच्या मागाची आहे. नुकत्याच जन्मलेल्या ट्रॅकचा वेग फिल्टर शून्य धरतो, कारण त्याच्याकडे एकच चौकट असते. पहिल्या दोन-तीन फ्रेममध्ये वेगाचा अंदाज बसेपर्यंत जुळणी जवळपास उघड्या आयओयूवरच होते. त्यामुळे कमी फ्रेमवर माणूस गेटमधून आत येता येताच दोन-तीन नंबर खातो आणि पुढे मात्र सुरळीत चालतो. रेकॉर्डिंगमध्ये नंबर दृश्याच्या कडेला तुटत असतील आणि मध्ये टिकत असतील, तर दोष बहुधा इथे आहे. उपाय म्हणजे किमान १२ फ्रेम ठेवणं. संगणकाला झेपत नसेल तर एकाआड एक फ्रेम नियमानं सोडा, पण ‘जमेल तशी’ सोडू नका. फिल्टरला कमी वेग चालतो, अनियमित वेग चालत नाही.

अनियमितपणा नेटवर्कवरूनही येतो. आरटीएसपी (कॅमेऱ्यातून व्हिडिओ मागवण्याची पद्धत) यूडीपीवर, म्हणजे हरवलेलं पुन्हा न मागवणाऱ्या मार्गानं चालू असेल आणि डेटाचं पॅकेट हरवलं, तर पुढची की-फ्रेम, म्हणजे अख्खं चित्र असलेली फ्रेम येईपर्यंत चित्र ओघळत राहतं. २५ फ्रेमवर की-फ्रेमचं अंतर ५० ठेवलं असेल तर तो ओघळ दोन सेकंद टिकू शकतो. टीसीपीवर घ्या, तो हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवतो. कॅमेऱ्यातलं ‘स्मार्ट कोडेक’ बंद करा, ते जागा वाचवायला की-फ्रेमचं अंतर लांबवतं. आणि वेळ मोजताना फ्रेमचा क्रमांक वापरू नका. प्रत्येक फ्रेमसोबत येणारा वेळशिक्का घ्या आणि काल्मनला खरं अंतर द्या. तीन फ्रेम गळाल्या तर फिल्टरला ते कळलंच पाहिजे, नाहीतर तो माणसाला मागेच उभं धरतो.

डिटेक्टरकडे येऊ. गर्दीत दोन माणसं चिकटून चालतात तेव्हा त्यांच्या चौकटी एकमेकींवर इतक्या बसतात की नको असलेल्या चौकटी गाळणारी पायरी, एनएमएस, त्यातली एक उडवून टाकते. तिची आयओयूची मर्यादा ०.४५ वर असेल तर ०.६५-०.७ पर्यंत न्या. त्यापुढे गेलात तर एकाच माणसाला दोन चौकटी मिळायला लागतात. स्टेशनच्या जिन्यासारख्या जागी अख्ख्या शरीराऐवजी डोकं शोधणारा डिटेक्टर जास्त टिकतो. २०१८ साली आलेल्या ‘क्राउडह्यूमन’ या गर्दीच्या चित्रांच्या संचात प्रत्येक माणसाचं डोकं, दिसणारा भाग आणि पूर्ण शरीर अशा तिन्ही चौकटी दिल्या आहेत, त्यावर शिकवलेलं मॉडेल सुरुवातीला पुरेसं होतं.

मुंबईत मात्र खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला छत्री दिसते आणि तिच्याखाली दोन पाय. डिटेक्टरची खात्री ०.८ वरून ०.३ वर येते आणि जुन्या पद्धतीत अशी चौकट सरळ फेकली जाते. २०२१ साली आलेल्या ‘बाइटट्रॅक’ या ट्रॅकरचं मर्म नेमकं इथे आहे. तो आधी खात्रीच्या चौकटी जुळवतो. मग ज्या ट्रॅकना जोडीदार मिळाला नाही त्यांच्यासाठी कमी खात्रीच्या चौकटी पुन्हा तपासतो. माणूस तिथे असायला हवा होता आणि तिथेच एक अंधुक चौकट आहे, तर ती त्याचीच असणार. मात्र अशा अंधुक चौकटीवरून तो नवा ट्रॅक जन्माला घालत नाही. पावसाळ्यासाठी मी दुसरं काही सुचवण्याआधी हाच सुचवीन. सोबत कॅमेरा साडेचार मीटरवरून तीन मीटरवर आणला तर छत्रीखालचा धडही दिसायला लागतो.

पावसाचे आणखी तीन त्रास आहेत. ओल्या लादीवर माणसाचं प्रतिबिंब पडतं आणि चौकट खाली लांबते. रात्री इन्फ्रारेडचा उजेड जवळच्या थेंबांवर आणि कॅमेऱ्याच्या डोमवरच्या (घुमटासारख्या झाकणावरच्या) कोळ्याच्या जाळ्यावर आदळून चित्र पांढरं पडतं. जाळी दर पंधरवड्याला मऊ कपड्यानं पुसायची, दुसरा इलाज नाही. शक्य असेल तर इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून मीटरभर दूर, वेगळा लावायचा. आणि ढगाळ संध्याकाळी कॅमेरा रंगीत आणि काळं-पांढरं यांच्यात उड्या मारतो. प्रत्येक उडीला सगळ्यांच्या कपड्यांचे रंग नाहीसे होतात. ही अदलाबदल वेळेवर बांधून टाका.

आता ट्रॅकरच्या आकड्यांकडे वळायला हरकत नाही. हरवलेला ट्रॅक किती काळ जिवंत ठेवायचा, हा त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा. पुष्कळ ठिकाणी तो मुळात ३० फ्रेम असतो. तीस फ्रेमच्या व्हिडिओत तो एक सेकंद, दहा फ्रेमच्या व्हिडिओत तीन सेकंद. म्हणून आकडा नेहमी सेकंदात ठरवा आणि मग फ्रेममध्ये बदला. वॉचमनची केबिन दोन मीटर रुंद असेल तर तिच्यामागून जायला दीड सेकंद लागतो. कॅमेरा तिरका असेल तर जास्त. इथे तीन सेकंद ठेवणं योग्य. पण तोच आकडा सगळ्या दृश्याला लावला की उघड्या जागेत हरवलेला जुना नंबर दुसऱ्याच माणसाच्या अंगावर जाऊन बसतो. म्हणून दृश्याचा नकाशा करून खांब, केबिन, उभे टेम्पो यांच्यामागच्या जागा आखून घ्या. तिथे हरवलेल्याला तीन-चार सेकंद, बाकी ठिकाणी एक सेकंद आणि दृश्याच्या कडेला किंवा लिफ्टच्या दारात अगदी कमी. एवढ्याशा बदलानं जो फरक पडतो तो नवा ट्रॅकर बसवून पडत नाही.

केबिनमागे माणूस थांबून फोनवर बोलू लागला तर? काल्मन त्याला सरळ रेषेत पुढे नेत राहतो आणि तो बाहेर येईपर्यंत अंदाज रस्त्यावर पोचलेला असतो. २०२२च्या ‘ओसी-सॉर्ट’ या ट्रॅकरमध्ये यावर सुंदर तोड आहे: माणूस पुन्हा सापडला की मधल्या काळाचा मार्ग दोन टोकांवरून नव्यानं आखून फिल्टर सुधारून घ्यायचा. स्थिर कॅमेऱ्यावर तो वापरून बघण्यासारखा आहे.

कपड्यांवरून ओळख ठेवण्याची सोय ‘डीपसॉर्ट’नं २०१७ साली लोकप्रिय केली. प्रत्येक चौकटीचे १२८ आकडे काढायचे आणि दोन चौकटींचे आकडे किती जवळ आहेत ते बघायचं. मूळ मांडणीत हे अंतर ०.२ च्या आत असलं तरच जोडी धरतात. ही सोय मुंबईत जपून वापरावी. एकाच कंपनीच्या टी-शर्टातली डिलिव्हरीवाली मुलं, शाळेचा गणवेश, मंडळाचे एकसारखे कुर्ते, काळे बुरखे, निळे रेनकोट: या सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ येतात की मॉडेल नंबरांची अदलाबदल करतं, तीही पूर्ण आत्मविश्वासानं. शिवाय मॉडेल कशावर शिकलं तेही बघायला हवं. २०१५चा ‘मार्केट-१५०१’ हा माणसांच्या चित्रांचा संच खूप वापरला जातो. तो चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठाच्या आवारात, एका सुपरमार्केटसमोर सहा कॅमेऱ्यांनी टिपलेला आहे. इथल्या साड्या आणि छत्र्या त्याला कुठून ठाऊक असणार? एकाच कॅमेऱ्यात जागा आणि वेग यांना पहिला मान द्या, कपड्यांना दुसरा.

दोन कॅमेऱ्यांमध्ये मात्र कपड्यांशिवाय गत्यंतर नसतं. तिथे वेळेची चाळणी लावा. गेट ते बी विंगची लॉबी ४० मीटर असेल तर सरळ चालत २८-२९ सेकंद लागतात. पंधरा ते नव्वद सेकंदांच्या खिडकीत दिसलेल्यांशीच तुलना करा, अख्ख्या दिवसाशी नको. यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एनटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीवर लावलेली हवीत. डीव्हीआरचं घड्याळ महिनोन्‌महिने कुणी बघत नाही आणि ते काही मिनिटांनी सरकलेलं असलं की ही खिडकी भलतीकडेच उघडते.

माणूस पडद्यावर कुठे आहे यापेक्षा जमिनीवर कुठे आहे हे कळलं तर बरीच कामं सोपी होतात. सोसायटीच्या लॉबीत त्यासाठी आयती मोजपट्टी असते: दोन बाय दोन फुटांच्या, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या लाद्या. दहा लाद्या लांब आणि पाच लाद्या रुंद असा ६ बाय ३ मीटरचा आयत निवडा, त्याचे चार कोपरे चित्रात टिपा आणि होमोग्राफी, म्हणजे चित्रातला बिंदू जमिनीवर कुठे पडतो ते सांगणारं गणित काढा. आयत लहान घेतला तर कोपरा टिपताना झालेली दोन पिक्सेलची चूक लांबवर मोठी होते. २.८ मिलिमीटरची लेन्स असेल तर आधी तिचा बाक काढून टाकायला हवा, नाहीतर कडेच्या लाद्या वाकड्याच मोजल्या जातात.

या पद्धतीचा घात होतो तो पाय झाकल्यामुळे. तीन मीटर उंचीच्या कॅमेऱ्यापासून दहा मीटरवर माणूस उभा आहे आणि पुढे लावलेल्या स्कूटरमुळे तो जमिनीपासून ८० सेंटिमीटरपर्यंत दिसत नाही. चौकटीचा तळ म्हणजे पाय असं धरलं, तर जमिनीवरचं अंतर १० गुणिले ३ भागिले २.२, म्हणजे १३.६ मीटर येतं. माणूस जागचा हलला नाही आणि नकाशावर साडेतीन मीटर मागे उडाला. चौकटीची उंची अचानक तिसऱ्या हिश्शानं कमी झाली तर तळावर विश्वास न ठेवता डोक्यावरून आणि त्याच माणसाच्या आधीच्या उंचीवरून पायांची जागा काढावी.

माणसं मोजताना एकच रेघ आखू नका. रेघेवर उभा राहून गप्पा मारणारा वॉचमन एका तासात वीसदा आत-बाहेर मोजला जाईल. दोन लाद्यांच्या अंतरावर दोन रेघा आखा, दोन्ही एकाच दिशेनं ओलांडल्या तरच एक धरा. आणि या रेघा दारातच नको, दोन-तीन मीटर आत हव्यात, म्हणजे ट्रॅक तोवर पक्का झालेला असतो.

सुधारणा झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. आपल्याच कॅमेऱ्याचा संध्याकाळी सातचा दोन मिनिटांचा तुकडा घ्या. २५ फ्रेमनं त्याच्या तीन हजार फ्रेम होतात. व्हिडिओवर हातानं चौकटी आखायच्या सीव्हॅटसारख्या साधनात दर दहाव्या फ्रेमला चौकट काढली की मधल्या आपोआप भरतात. मग मोजमाप. इथे एक फसवा आकडा आहे, तो नीट समजून घ्या. दहा माणसं, प्रत्येक जण शंभर फ्रेम दिसतो, एकूण हजार चौकटी. डिटेक्शन अगदी अचूक आहे, फक्त प्रत्येकाचा नंबर बरोबर मध्यावर एकदा बदलला. मोटा या जुन्या मापात दहा बदल म्हणजे हजारातल्या दहा चुका, गुण ९९ टक्के. आयडीएफ१ या मापात प्रत्येकाचा अर्धाच प्रवास खरा धरला जातो, गुण ५० टक्के. एकच व्हिडिओ, एकच निकाल. कुणी ९९ टक्क्यांचा कागद पुढे केला तर माप कोणतं ते आधी विचारा. २०२० पासून होटा हे माप आलं, ते डिटेक्शन आणि जुळणी दोन्हींना सारखं वजन देतं.

काही जागी मात्र ट्रॅकिंग करूच नये. गाडी लागल्यावरचा दादरचा पूल किंवा लालबागच्या दर्शनाची रांग इथे प्रत्येकाला नंबर देण्याचा हट्ट निरर्थक आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. अशा जागी कोण कुठे गेला हे कळून उपयोग नाही. एका चौरस मीटरमध्ये किती माणसं आहेत आणि दोन लोंढे समोरासमोर येतायत का, एवढंच वेळेवर कळायला हवं. त्यासाठी चित्रावरून थेट घनता काढणारी मॉडेलं असतात आणि लोंढ्याची दिशा ऑप्टिकल फ्लोमधून, म्हणजे लागोपाठच्या फ्रेममध्ये पिक्सेल कुठे सरकले यावरून मिळते. चौरस मीटरमागे चार-पाच माणसांच्या वर गेलं की सूचना वाजलीच पाहिजे, आणि ती स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचली पाहिजे.

शेवटचा मुद्दा साठवणुकीचा, आणि तो सेटिंगइतकाच मनापासून करायचा आहे. ट्रॅकचा नंबर म्हणजे नाव नव्हे. मोजणीला चेहरा लागत नाही, तेव्हा चेहऱ्याची ओळख जोडू नका. ड्यूक विद्यापीठाच्या आवारात टिपलेला आणि जगभर वापरला गेलेला ट्रॅकिंगचा संच २०१९ साली लोकांच्या खासगीपणावरून प्रश्न उठल्यावर मागे घेतला गेला. आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. गेटवर मराठीत स्पष्ट पाटी हवी: कॅमेरा आहे, माणसं मोजली जातात, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, विचारायचं कुणाला. कपड्यांचे १२८ आकडे दोन कॅमेऱ्यांची जुळणी झाली की लागत नाहीत, ते रोज पहाटे तीन वाजता पुसले जातील असं काम लावून ठेवा. बॅकअपच्या डिस्कवरही तेच काम लावा, कारण पुसायचं राहून जातं ते तिथेच.